मशीन एका हातात, ओंडका दुसऱ्या हाताखाली

प्रश्न असा आला: "काका, मी फणसाच्या आणि आंब्याच्या ओंडक्यांतून स्टूल, काथवटी (पीठ मळायच्या लाकडी पराती) बनवतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. एका व्हिडिओत मी स्लीपर घालून एका हाताने चेनसॉ चालवतोय. तो लाखभर लोकांनी बघितला. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाने मला झापलं, म्हणाला तू लोकांचे पाय तोडायला लावशील. चार वर्षांत मला साधं खरचटलंही नाही. बघणारा घरी जाऊन काय करतो याची जबाबदारी माझी कशी? आणि नीट दाखवायचं ठरवलंच, तर नेमकं काय बदलू?"

तुझा व्हिडिओ मी तीनदा बघितला. पहिल्यांदा लाकूड बघितलं, कारण सवय. दुसऱ्यांदा बारचं, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीवरून फिरते तिचं, टोक बघितलं. तिसऱ्यांदा फोन कुणाच्या हातात आहे ते बघितलं. स्लीपरवरून तुला चारजणांनी आधीच सुनावलं असेल, तिच्याकडे नंतर येतो. मी घाबरलो तो एकोणिसाव्या सेकंदाला.

तिथे तू काथवटीचा खड्डा काढायला बारचं नाक ओंडक्यात खुपसतोस. उजव्या हातात मशीन, डावा हात ओंडक्यावर टेकलेला. बारचं नाक म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असं समज, बारचं तोंड उजवीकडे. बारापासून तीनपर्यंतचा जो पाव भाग, तो लाकडाला लागू द्यायचा नाही. चेन बारच्या वरच्या अंगाने पुढे धावत येते आणि नाकावरून खाली वळते. त्या वळणावर दात लाकडात रुतला की चेन क्षणभर अडते, आणि इंजिनाची जी ताकद चेन फिरवत होती ती अख्खं मशीन उलटं फिरवायला लागते. बार वर उठतो आणि कमान घेत मागे येतो. मागे तुझा चेहरा, मान आणि डावा खांदा असतो. पुस्तकात याला किकबॅक म्हणतात, आमची माणसं 'मशीन उसळलं' म्हणतात. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी 70 किलोमीटर. हे सगळं पापणी लवायच्या आत होऊन जातं. म्हणून 'मी सावध असतो' याला इथे किंमत नाही. सावध माणसालाही हात हलवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळत नाही.

खड्डा काढायला नाक खुपसावंच लागतं, ते मला कळतं. पण मग सुरुवात नाकाच्या खालच्या अंगाने करायची, चेन पूर्ण वेगात असताना हळूहळू आत जाऊ द्यायचं, आणि नाक बारभर रुंदीने आत गेलं की मगच मशीन सरळ करायचं. आणि दोन्ही हात. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून गुंडाळलेला, नुसता वर ठेवलेला नाही. त्या दांड्यासमोर जो पंजासारखा काळा पत्रा असतो ना, तो हाताला फांद्या लागू नयेत एवढ्यासाठीच नाही. तो ब्रेक आहे. मशीन उसळलं की डावं मनगट त्याच्यावर आपटतं आणि चेन थांबते. चांगल्या मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही ब्रेक पडतो, पण आतला पट्टा आणि स्प्रिंग भुशाने भरलेली नसतील तर. तुझा डावा हात ओंडक्यावर होता, म्हणजे ब्रेक लावणारा माणूसच जागेवर नव्हता. वर तो हात बारच्या वाटेत.

चार वर्षांत काही झालं नाही म्हणतोस. मला अकरा वर्षं काही झालं नव्हतं. बाराव्या वर्षी डाव्या नडगीला सात टाके पडले, तेही झाड पाडताना नव्हे, तर जमिनीवर पडलेली मनगटाएवढी फांदी छाटताना, चहाला जायच्या घाईत. पण ती गोष्ट माझ्यापुरती होती. तुझ्या प्रश्नाला लागू पडते ती दुसरी.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या बघितल्या असशील तर सांगायला नको. सुपारी तर काड्यांसारखी मोडली होती, माड आडवे, शंभर वर्षांचे आंबे मुळासकट उलटे. लॉकडाऊन चालू, मुंबईहून परतलेली पोरं घरात बसलेली, वीज नाही, रस्ते बंद. ज्याला त्याला मशीन हवं होतं. नंतरच्या दोन-तीन महिन्यांत आमच्या भागात 58 सीसी, 22 इंच बारची स्वस्तातली मशीनं इतकी आली, की पूर्वी तालुक्यात मोजून पाचसहा होती ती प्रत्येक आळीत एक झाली. शिकवणारं कुणी नव्हतं. फोन होता.

मी तेव्हा महिनाभर रोज उठून तेच काम करत होतो. भाच्याने एके दिवशी माझा व्हिडिओ घेतला. एक मोठा रायवळ आंबा घराच्या पडवीवर कलंडून अडकला होता, त्याची मुख्य फांदी मी कापली. फांदी धप्पकन अंगणात, कौलाला धक्का नाही. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, खाली लोकांनी भरभरून कौतुक केलेलं. सुरुवातीला मी हेल्मेट घालून म्हणतोही, 'हेल्मेट घाला मंडळी.' मला फार जबाबदार वाटलं होतं स्वतःला.

श्रावणात शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा बापाला घेऊन माझ्याकडे आला. गुडघ्याच्या वर पट्टी. बाप भांडायला आला नव्हता, उलट मलाच विचारायला आला होता, की हा म्हणतो तुमच्यासारखंच केलं, मग असं का झालं? मुलाने फोन काढून दाखवलं. खरोखर माझ्यासारखंच केलं होतं. उभा तसाच राहिला, बार तिथेच लावला. हेल्मेटही घातलं होतं, मोटरसायकलचं.

जे व्हिडिओत नव्हतं, ते त्याने केलं नव्हतं. ती फांदी कापायच्या आधी मी वीस मिनिटं झाडाभोवती फिरत होतो. अडकलेली फांदी म्हणजे वाकवलेला बांबू. एका अंगाला तंतू ताणलेले असतात, दुसऱ्या अंगाला दाबलेले. ताणलेल्या अंगाने आधी कापलं, की ती सुटते आणि माणसाला झोडपते. दाबलेल्या अंगाने खोल कापलं, की बार चिमट्यात धरते. म्हणून आधी दाबलेल्या अंगाला उथळ खाच घ्यायची, मग ताणलेल्या अंगाने थोडं थोडं कापत तंतूंचा आवाज ऐकत जायचं, आणि उभं राहायचं ते फांदी जिकडे सुटेल त्याच्या उलट्या बाजूला. मी बुंधा दोराने मागच्या फणसाला बांधला होता. पळायची वाट कोयत्याने साफ केली होती. हे सगळं भाच्याने चित्रित केलं होतं बरं का. जोडताना कापून टाकलं, कारण कंटाळवाणं होतं. मला विचारून कापलं. मी हो म्हटलं.

त्या मुलाची फांदी त्याच्या बाजूला सुटली. मशीन मांडीवर आलं. नशीब म्हणून शीर वाचली.

म्हणून तुझ्या जबाबदारीच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे: बघणारा आपल्याला वाटतो तितका बेपर्वा नसतो, तो फार प्रामाणिक असतो. जे दिसतं ते तो तसंच्या तसं करतो. कायद्याने तुला कुणी जाब विचारेल असं मला वाटत नाही, आणि तू तो प्रश्न विचारलेलाही नाहीस. पण आपण काय दाखवायचं आणि काय कापायचं हे आपण ठरवतो. एवढा भाग तर निखळ आपला आहे, त्यात बघणारा कुठेच नाही.

'घरी करून बघू नका' ही पट्टी टाकून सुटका होत नाही. लाकडावर विजेने नक्षी जाळायचं जे खूळ आलं होतं ते आठव. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून दोन हजार व्होल्टच्या आसपासची वीज ओल्या लाकडात सोडायची, झाडाच्या फांद्यांसारखी सुंदर जळकी नक्षी उमटते. अमेरिकेत त्यात इतकी माणसं मेली की तिथल्या कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने, आपल्या कार्यक्रमांत त्याचं प्रात्यक्षिक करायला आणि आपल्या अंकांत त्याची कृती छापायला बंदी घातली. हातमोजे घाला, काळजी घ्या असं सांगण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. आणि उलटा प्रकार बघ: 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या यूट्यूबर अ‍ॅन रिअर्डन यांनी याच प्रकाराविरुद्ध इशारा देणारा व्हिडिओ केला, तर यूट्यूबने तो इशाराच धोकादायक म्हणून काढला आणि ओरड झाल्यावर परत लावला. तेव्हा यूट्यूब किंवा आणखी कुणी वरून गाळून घेईल या भरवशावर राहू नकोस. चाळणीला भोकं कुठे आहेत हे तिचं तिलाच माहीत नाही.

आता काय बदलू म्हणतोस ते. माझ्या मते पहिला बदल मशीन सुरू करण्याचा. तू मशीन हवेत सोडून दोरी ओढतोस, सगळेच ओढतात, दिसायला रुबाबदार. जमिनीवर ठेव, ब्रेक लाव, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पंजा घाल, डावा हात पुढच्या दांड्यावर, मग ओढ. पाच सेकंद जास्त लागतात. आणि असा पाय घालायला स्लीपर चालणारच नाही, ते तुझं तुलाच कळेल. मग ब्रेक सोडतानाचा 'कट्' आवाज. तो आवाज व्हिडिओत राहू दे, वर संगीत टाकू नकोस. दोन पावलांहून जास्त चालायचं असेल तर पुन्हा ब्रेक. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं आता तो आवाज आला नाही तर एकमेकांना ओरडतात. तोंडाने सांगून हे कधी झालं नसतं.

व्हिडिओचा वेग वाढवू नकोस, निदान मशीन चालू असतानाचा तरी. चौपट वेगात रेस सोडल्यानंतरही फिरत राहणारी चेन दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दोन सेकंदांत लोक मशीन खाली आणतात, मांडीपाशी. वेग वाढवायचाच तर पॉलिशपेपर घासतानाचा वाढव, त्यात कुणाचं काही जात नाही.

चेनला धार लावणं दाखव. यावर एक अख्खा व्हिडिओ कर, मी स्वतः बघेन. लोकांना वाटतं बोथट चेन म्हणजे कमी धोका. उलट आहे. बोथट चेन कापत नाही म्हणून माणूस मशीनवर वजन टाकतो, आणि लाकूड संपलं की त्या वजनासकट पुढे पडतो. भुसा बघ: धारदार चेनमधून तांदळाच्या कण्यांसारखे, सालीसारखे तुकडे पडतात, बोथट झाली की पीठ पडायला लागतं. पीठ दिसलं की थांबायचं. तुझ्या मशीनची चेन 0.325 इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) असेल तर 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. पिच बारवर कोरलेला असतो, वाचून घे, कारण चुकीच्या मापाच्या कानशीने दाताचा हूक बिघडतो. दातासमोर जो छोटा उंचवटा असतो, तो दात किती खोल खाईल हे ठरवतो. आमच्याकडे काही शहाणे तो मुद्दाम जास्त घासतात, म्हणजे मशीन 'फास्ट खातं'. खातं खरं, आणि उसळतंही तितकंच. हे कुणी व्हिडिओत युक्ती म्हणून दाखवलं तर मला राग येतो, लपवत नाही.

आता फोन धरणाऱ्याबद्दल. तुझ्या व्हिडिओत कुणीतरी, बहुतेक तुझा धाकटा भाऊ, बारच्या बरोबर समोर चार-पाच फुटांवर उभा आहे. चेन तुटली तर तिचा तुकडा बारच्याच रेषेत उडतो. दृश्य छान येतं कारण भुसा कॅमेऱ्याकडे उडतो. त्याला तिथून हलव. फोन तिपाईवर लाव, आणि तिपाईसुद्धा बाजूला. झाड पाडत असशील तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत कुणीही नको, चित्रीकरण करणारा धरून.

आणि झाड पाडताना रीटेक नसतो. हे मी स्वतः भोगलंय. समोरची खाच घेऊन झाली होती, मागून कापत अर्ध्याच्या पुढे गेलो होतो, आणि भाचा ओरडला, 'मामा थांबा, फोन बंद पडला.' मी थांबलो! अर्धवट कापलेलं झाड, वर वारा, आणि मी चार्जिंगची वाट बघत उभा. झाडाला धरून ठेवणारी मधली पट्टी, तिला आम्ही बिजागरी म्हणतो, ती खोडाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढीच असते. त्याहून थोड्याच जास्त लाकडावर अख्खं झाड उभं होतं. त्या दिवसापासून नियम केला: मशीन झाडाला लागलं की फोन मेला तरी मेला. कॅमेरा समोर असला की माणूस घाई करतो, वळून बोलतो, एक हात सोडून बोटाने दाखवतो. तुझा एक हात तसाच सुटला असेल, असा माझा अंदाज आहे.

ग्राइंडरला चेनची चकती लावून खोदकाम करतोस का, ते तुझ्या व्हिडिओत दिसलं नाही. करत असशील तर बंद कर, निदान दाखवणं तरी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फेरे मारतो, त्याला चेनब्रेक नाही, बऱ्याच स्वस्त ग्राइंडरचा खटका अडकून राहतो, आणि लोक चकती बसवायची म्हणून गार्डही काढून टाकतात. दात गाठीत अडकला की ग्राइंडर हातातून निघतो आणि फिरत फिरत अंगावर येतो. खड्ड्याला पटाशी आणि वाकडी वाकस वापर. सावकाश होतं, पण लोकांना ते बघायला आवडतं, हा माझा अनुभव आहे.

कोकणातल्या माणसाने आणखी एक सांगायला हवं, जे परदेशी व्हिडिओत कधीच येणार नाही. झाड ओळखल्याशिवाय मशीन लावू नये. बिब्ब्याच्या झाडाला मशीन लावलं तर भुशाबरोबर त्याचा चीक फवाऱ्यासारखा उडतो, आणि फोड येतात ते कपड्यांच्या आतपर्यंत. काजूही थोडाफार तसाच. आमच्या जुन्या माणसांनी बिब्ब्याला कुऱ्हाडसुद्धा लावली नसती. (आणि परवानगी असल्याशिवाय झाड पाडतानाचा व्हिडिओ टाकणं म्हणजे 1964 च्या महाराष्ट्रातल्या झाडतोडीच्या कायद्याखाली स्वतःविरुद्ध पुरावा स्वतःच लावून ठेवणं. तू ओंडके विकत घेतोस असं दिसतं, म्हणून जाता जाता सांगितलं.)

राहता राहिली स्लीपर. चेनसॉची खास पॅन्ट मिळते, तिच्या आत लांब लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन मशीनच्या दात्याच्या चाकात गुंडाळतात आणि चेन जाम होते. पुष्कळदा ती पॅन्ट आपल्याकडच्या स्वस्त मशीनपेक्षा महाग पडते, म्हणून कुणी घेत नाही, आणि मीही पहिली चौदा वर्षं घेतली नाही. तुला एकदम सगळं जमणार नसेल तर माझा क्रम असा: डोळ्यांना चष्मा आणि कानांना इअरमफ आजच, दोन्ही मिळून हजाराच्या आत येतात. चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. मला उजव्या कानाने पावसाचा आवाज आता ऐकू येत नाही, तो त्याचाच हिशेब आहे. मग पायात पुढे पोलादी टोपी असलेले बूट. मग पॅन्ट. बॅटरीच्या किंवा विजेच्या मशीनवर मात्र त्या पॅन्टवर फार विसंबू नकोस, मोटरचा जोर लगेच तुटत नाही, त्यामुळे धागे तिला तितकं सहज थांबवू शकत नाहीत. आणि पॅन्ट नसेल तर नाही म्हणून सांग व्हिडिओत. 'माझ्याकडे पॅन्ट नाही, म्हणून मी अमुक काप घेत नाही' हे वाक्य मी आजवर एकाही व्हिडिओत ऐकलेलं नाही.

तो लाखभर लोकांनी बघितलेला व्हिडिओ काढून टाकावा का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. मी माझा काढला. मग वीस मिनिटांच्या फिरण्यासकट दुसरा टाकला, त्यात पहिल्यात काय कापलं होतं तेही बोललो. पहिल्याच्या दहा टक्केही लोकांनी तो बघितला नाही. तो मुलगा मात्र बघून गेला, आता माझ्याकडे कामाला आहे.

शेवटी लाकडाबद्दल, कारण तिसऱ्यांदा बघताना तेही दिसलं. तुझ्या मागे पडवीबाहेर फणसाचे तीन ओंडके उन्हात, टोकं उघडी टाकून ठेवलेत, आणि दोघांना चिरा पडायला सुरुवात झालीय. टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट लाव, खाली दोन वासे घालून सावलीत ठेव. आणि काथवट अख्ख्या ओंडक्यातून कापू नकोस. मधला गाभा आत राहिला की ती तडकणारच, तू कितीही तेल पाज. आधी पाचरा ठोकून ओंडका गाभ्यातून उभा फाड आणि अर्ध्या भागातून काथवट काढ. फणस सरळ रेषेचा असला तर पाचरीने सुरेख फाटतो. त्याला मशीन लागत नाही.